हसावे कोणाला? घरच्या व्याकरणाचा एक जुना धडा

व्याकरणाच्या तासाला वर्गात हसू फुटते ते बहुधा कोणाच्या तरी चुकीपायी. कोणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो, कोणाच्या निबंधात लिंगवचनाचा मेळ बिघडतो, आणि बाकीचा वर्ग हसतो. विनोदाने विषय सोपा होतो, व्याकरणाचा रुक्षपणा जातो, असे आपण सारेच म्हणत असतो. परंतु त्या विनोदाचे लक्ष्य कोण असावे, हा प्रश्न अध्यापनाच्या चर्चेत फारसा येत नाही. अलीकडे शहरांतून मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी काही कुटुंबे दिसतात. ‘होमस्कूलिंग’ हा शब्दही आता आपल्या कानांना परका राहिलेला नाही. अशा घरांतून व्याकरण हसतखेळत शिकवावे हा आग्रह विशेषच असतो. त्या निमित्ताने घरी शिकवलेल्या व्याकरणाचा आणि त्यातील हसण्याचा थोडा इतिहास येथे पाहावा असे आम्ही योजले आहे. या इतिहासाच्या मध्यभागी १८१८ साली प्रसिद्ध झालेले एक इंग्रजी पुस्तक आहे. तथापि त्याकडे जाण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या दोन कथा आठवणे सोयीचे होईल.

१

पहिली कथा पैठणची. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ती सांगितली आहे. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता पाण्याच्या माऱ्याने थकलेली एक राणी त्याला संस्कृतात विनवते की आता पाण्याने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी होऊन तिच्या तोंडून ‘मोदकैः’ असा शब्द निघतो, आणि राजा सेवकांना मोदक आणण्याची आज्ञा करतो. राणी हसते. पाण्यात मोदकांचे काय काम, एवढा साधा संधीही आपणांस कळू नये काय, असे विचारते. परिवारही हसतो. राजा लज्जित होऊन अन्नपाणी टाकतो व शय्येवर पडून राहतो. गुणाढ्य म्हणतो, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत शिकवीन. पैज लागते. शर्ववर्मा कार्तिकेयाच्या कृपेने ‘कातंत्र’ हे छोटेखानी व्याकरण मिळवतो, आणि राजा खरोखरच सहा महिन्यांत शिकतो.

संधी शिकवताना ही कथा सांगण्याचा मोह कोणत्या शिक्षकाला झाला नसेल? ती उपयुक्त आहे यात शंका नाही. पण तिची दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही. पैज हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडतो, मौन धरून विंध्याच्या अरण्यात जातो आणि पुढे पैशाचीत ‘बृहत्कथा’ रचतो. म्हणजे एका हशातून एकाला व्याकरण मिळाले आणि दुसऱ्याची भाषा गेली. शिवाय येथे लज्जेचा उपयोग झाला तो शिकणारा राजा होता म्हणून. त्याच्या दिमतीला दोन पंडित हात जोडून उभे होते. ज्याच्यापाशी एकही पंडित नाही, अशा विद्यार्थ्याला त्याच्या चुकीवर हसले तर तो काय करील? तोही शय्येवर पडून राहील. त्याच्यासाठी कोणी ‘कातंत्र’ लिहिणार नाही.

दुसरी कथा पतंजलीच्या ‘महाभाष्या’तील, म्हणजे सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील मानली जाणारी. एक वैयाकरण रथाजवळ येऊन विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी उत्तर देतो, मी या रथाचा ‘प्राजिता’. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द आहे. सारथी म्हणतो, महाराज, नियमाने काय प्राप्त होते ते आपण जाणता, लोकांना काय इष्ट आहे ते जाणत नाही. चिडलेला वैयाकरण त्या सूताला हिणवण्यासाठी ‘दुरुत’ हा शब्द घडवतो, तर सारथी त्याची ती व्युत्पत्तीही दुरुस्त करून देतो आणि शिवीच द्यायची असेल तर शुद्ध रूप कोणते होईल हेही सांगतो! व्याकरणाच्या सर्वश्रेष्ठ भाष्यग्रंथात व्याकरणकाराचीच अशी फजिती सांगितलेली आहे, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. पैठणच्या कथेत हसू शिकणाऱ्यावर आहे. येथे ते शिकवणाऱ्यावर, अधिकार गाजवणाऱ्यावर उलटले आहे. व्याकरणातील विनोदाच्या या दोन दिशा एवढ्या जुन्या आहेत.

२

या दोन दिशांचा झगडा एका संपूर्ण पाठ्यपुस्तकाचा विषय कसा झाला, हे पाहायचे तर अठराव्या शतकातील इंग्लंडकडे वळावे लागते. त्या काळी तेथील शाळांत व्याकरण म्हणजे मुख्यतः लॅटिनचे व्याकरण. मातृभाषेचे व्याकरण शिकवण्याची गरज पुष्कळदा घरातच निर्माण झाली, आणि म्हणून त्या शतकातील कित्येक इंग्रजी व्याकरणे घरच्याच मुलांसाठी लिहिली गेली. जॉन अ‍ॅश या धर्मोपदेशकाने १७६० साली आपले छोटे व्याकरण सिद्ध केले ते स्वतःच्या लहान मुलीकरिता. रॉबर्ट लाउथचे १७६२ चे व्याकरण पुढे फार प्रमाणभूत मानले गेले, तो स्वतः लंडनचा बिशप झाला, पण ते पुस्तकही प्रथम त्याने आपल्या मुलासाठी योजले होते. शतकाच्या अखेरीस नॉरफोकमधील लेडी एलेनर फेन यांनी ‘मिसेस लव्हचाइल्ड’ आणि ‘मिसेस टीचवेल’ अशी टोपणनावे घेऊन मुलांना घरी शिकवणाऱ्या आयांसाठी व्याकरणे लिहिली. व्याकरणाचे खेळही तयार केले. व्याकरण खेळातून शिकवावे ही कल्पना म्हणजे काही आपल्या काळाचा शोध नव्हे. १८२२ मध्ये लंडनच्या जॉन हॅरिसने शब्दांच्या जाती सहलीला निघाल्याचे दाखवणारे रंगीत चित्रांचे एक बालव्याकरणही काढले होते.

यांपैकी लाउथच्या पुस्तकात एक निराळी गोष्ट होती. नियमाखाली तळटीप देऊन तो चुकीची उदाहरणे देई, आणि ती उदाहरणे शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट, अ‍ॅडिसन अशा थोरांच्या लेखनातून घेई. त्याचा हेतू विनोदाचा नव्हता. थोरांनीही नियम मोडले, यावरून नियमांची आवश्यकता सिद्ध होते, असे त्याला दाखवायचे होते. परंतु शस्त्र एकदा तयार झाले की ते कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. लाउथचे पुस्तक १७८४ च्या सुमारास चॅटमच्या लष्करी छावणीत एका साध्या शिपायाच्या हाती पडले. त्याचे नाव विल्यम कॉबेट.

३

कॉबेटचा जन्म १७६३ सालचा, इंग्लंडच्या दक्षिणेकडील फार्नहॅम गावचा. बाप लहानसा शेतकरी. मुलांना त्याने घरीच लिहायला, वाचायला, हिशेब करायला शिकवले. व्याकरण शिकवण्याचाही त्याने प्रयत्न केला. पण त्याला स्वतःलाच ते नीट उमजलेले नव्हते. नियम पाठ करून घेतले, तत्त्व मात्र डोक्यात शिरले नाही, असे कॉबेटने पुढे लिहून ठेवले आहे. घरच्या शिक्षणाचा हा पहिला प्रयोग असा फसलेला होता. पुढे पलटणीत असताना त्याने लाउथचे व्याकरण हाताने उतरवून काढले, तोंडपाठ केले आणि पहाऱ्यावर उभा असताना तो ते मनाशी म्हणत असे. रोजचा पगार सहा पेन्स. कागद आणि लेखणी घ्यायची तर पोटाला चिमटा घ्यावा लागे. सकाळी एक मासळी घेण्यासाठी राखून ठेवलेला अर्धा पेनी रात्री हरवलेला आढळला तेव्हा आपण पांघरुणात डोके खुपसून लहान मुलासारखे रडलो, असे त्याने सांगितले आहे. व्याकरणासाठी उपाशी राहिलेल्या माणसाने पुढे व्याकरणाचे विनोदी पुस्तक लिहावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सैन्यातून बाहेर पडल्यावर तो पत्रकार झाला. ‘पोलिटिकल रजिस्टर’ हे त्याचे पत्र. १८१० मध्ये शिपायांना दिलेल्या फटक्यांच्या शिक्षेविरुद्ध लिहिल्याबद्दल त्याला दोन वर्षे न्यूगेटच्या तुरुंगात जावे लागले आणि एक हजार पौंड दंड भरावा लागला. त्याची मुले हॅम्पशायरमधील बॉटली येथील शेतावर होती. शाळेत जाण्याऐवजी ती घरी, शेतात, मोठ्या मेजाभोवती शिकत असत. तुरुंगात दर आठवड्याला घरून एक पेटारा येई. त्यात शेतातला जिन्नस, फुले, मुलांनी ठेवलेली शेतकामाची रोजनिशी आणि प्रत्येक मुलाचे पत्र. ज्याला लिहिता येत नसे तोही कागदावर काहीतरी रेघोट्या ओढून पाठवी. कॉबेट प्रत्येक पत्राला उत्तर देई. अक्षरावरून वा चुकांवरून कोणालाही रागावत नसे. तरुणांना उपदेश करणाऱ्या १८२९-३० च्या आपल्या पुस्तकात त्याने हा सारा वृत्तांत दिला आहे. पत्र लिहिण्याची खरी गरज असल्यामुळे मुलांना लिहिणे आले, असे त्याचे म्हणणे. गजाआडचा बाप आणि शेतावरची मुले यांच्या दरम्यान चाललेली ही शाळा शिक्षणाच्या इतिहासात फार थोड्यांना ठाऊक आहे.

१८१६-१७ च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये संसदेच्या सुधारणेसाठी मोठी चळवळ उभी राहिली. गावोगावच्या कारागिरांनी आणि मजुरांनी लाखो सह्यांचे विनंतीअर्ज पार्लमेंटकडे पाठवले. त्यांतील कित्येक अर्ज भाषा योग्य नाही, सभागृहाचा मान राखणारी नाही, या कारणास्तव स्वीकारलेच गेले नाहीत. ही युक्ती जुनीच होती. १७९३ मध्ये शेफील्डच्या नागरिकांचा अर्जही भाषेच्या कारणावरून असाच नाकारला गेला होता. मागणी काय आहे हे पाहण्यापूर्वी ती कोणत्या भाषेत केली आहे हे पाहायचे, आणि भाषा बसत नाही म्हणून मागणी बाजूला सारायची. मार्च १८१७ मध्ये हेबियस कॉर्पसचा कायदा स्थगित झाला, तेव्हा पुन्हा तुरुंग टाळण्यासाठी कॉबेट अमेरिकेला निघून गेला. तेथे लाँग आयलंडवरील नॉर्थ हेम्पस्टेड या गावी, डिसेंबर १८१७ मध्ये, त्याने आपल्या चौदा वर्षांच्या जेम्स या मुलाला उद्देशून पत्रे लिहायला आरंभ केला. तीच पत्रे ‘इंग्रजी भाषेचे व्याकरण’ या नावाने १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

४

पहिल्याच पत्रात बाप मुलाला आठवण देतो की तू चौदा वर्षांचा होईतो तुला कोणी एकदाही पुस्तक उघड असे म्हटलेले नाही. आता मात्र व्याकरण शिकायला हवे, आणि का ते ऐक. ज्याला आपल्या हक्कांविषयी लिहायचे आहे, त्याची लेखणी चुकली तर प्रतिपक्षाला ती चूकच पुरेशी होते. पुस्तकाच्या शीर्षकातच त्याने आपले वाचक सांगून टाकले आहेत. शाळा आणि तरुण मंडळी तर आहेतच, पण विशेषेकरून शिपाई, खलाशी, कारागिरांकडील उमेदवार आणि नांगरामागची पोरे. या सर्वांत एक गोष्ट समान होती. त्यांना व्याकरण शिकायचे तर ते शाळेबाहेर, एकट्याने, कामाच्या फटीतून शिकावे लागणार होते. पत्राचे रूप घेतल्यामुळे असा प्रत्येक वाचक जणू जेम्सच्या जागी येऊन बसतो.

आता विनोदाकडे येऊ. व्याकरणाच्या पुस्तकातील उदाहरणवाक्ये ही सहसा निरुपद्रवी असतात. लिंडले मरे याचे १७९५ चे व्याकरण त्या काळात सर्वाधिक चालत होते. तो मूळचा अमेरिकेचा, यॉर्कजवळ स्थायिक झालेला क्वेकर. तेथील मुलींच्या शाळेतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्याने पुस्तक लिहिले. त्याची उदाहरणे सद्गुण, नम्रता, आज्ञापालन यांनी भरलेली आहेत. कॉबेटने ही जागा बरोबर हेरली. समूहवाचक नामांची उदाहरणे देताना त्याने जमाव, पलटण यांच्या रांगेत पार्लमेंट आणि हाउस ऑफ कॉमन्स यांना बसवले, राजाचे न्यायालय बसवले आणि रांगेच्या शेवटी चोरांचा अड्डा ठेवून दिला. नियम एवढाच की अशा नामांपुढे क्रियापद एकवचनी घ्यावे की अनेकवचनी याचा विवेक करावा. नांगरामागच्या पोराला तो नियम पुढे आयुष्यभर विसरणे शक्य नव्हते, आणि ती यादीही.

चुकांच्या उदाहरणांत तो आणखी पुढे गेला. लाउथची रीत उचलून त्याने एक संपूर्ण पत्र डॉक्टर जॉन्सन आणि डॉक्टर वॉट्स यांच्या लेखनातील चुकांना वाहिले. त्यापुढचे पत्र राजाच्या भाषणातील चुका आणि अर्थशून्यता यांविषयी आहे. पार्लमेंटमधील राजाचे भाषण मंत्री तयार करीत, म्हणजे ते साऱ्या मंत्रिमंडळाच्या विद्वत्तेचा नमुना. कॉबेट एकेक वाक्य घेतो आणि शांतपणे विचारतो की या सर्वनामाचा निर्देश कोणाकडे आहे? या क्रियापदाचा कर्ता कुठे आहे? हे विशेषण येथे काय करीत आहे? थोड्याच वेळात भव्य वाटणारे वाक्य उघडे पडते. १८२० च्या आवृत्तीची अर्पणपत्रिका त्याने राणी कॅरोलिनला उद्देशून लिहिली. त्या वर्षी राजा चौथा जॉर्ज आपल्या या राणीपासून सुटका मिळवण्याची खटपट करीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील खोच कळते. १८२३ मध्ये राज्यकर्त्यांना अशुद्ध लेखनापासून वाचवण्याच्या हेतूने म्हणून सहा धडे जोडले. त्या धड्यांत परराष्ट्रमंत्री कॅसलरे यांच्याबरोबर मराठी वाचकाला परिचित अशी दोन नावे आहेत. एक ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली; दुसरा त्याचा वडील भाऊ मार्क्विस वेलस्ली, ज्याच्या गव्हर्नर जनरलपदाच्या काळात १८०२ चा वसईचा तह झाला. पेशवाईचे भवितव्य ज्यांच्या खलित्यांनी ठरवले, त्यांच्याच कुळातले खलिते एक माजी शिपाई लाल शाई घेऊन तपासत होता.

या विनोदाने नेमके काय साधले? आमच्या मते त्याने भीतीची जागा बदलली. अर्जातील एका चुकीमुळे ज्याची मागणी नाकारली गेली, त्या कारागिराला या पुस्तकाने दाखवले की राजाच्या भाषणातही चुका असतात, आणि त्या शोधण्याची साधने तुझ्यापाशी येऊ शकतात. तोवर व्याकरण ही तपासणाऱ्याच्या हातची वस्तू होती. तपासून घेणे एवढेच इतरांच्या वाट्याला होते. कॉबेटच्या हयातीतच या पुस्तकाच्या लाखभर प्रती गेल्या असे सांगितले जाते. तो स्वतः १८३२ मध्ये ओल्डहॅममधून पार्लमेंटात निवडून गेला, आणि १८३५ मध्ये वारला. जेम्सने पुढे बापाच्या या व्याकरणाची आवृत्ती उच्चारांवरील एक प्रकरण जोडून काढली.

कॉबेटचे मोठेपण सांगताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्यूंविषयी आणि कृष्णवर्णीयांविषयी त्याने जे लिहिले आहे ते आज वाचवत नाही. वरच्यांवर हसणारी लेखणी अन्य ठिकाणी खालच्यांवरही तुटून पडत होती. दुसरे असे की नांगऱ्याची बोली हीच योग्य आहे असे त्याने कधी म्हटले नाही. नांगऱ्याने प्रमाण इंग्रजी आत्मसात करावी आणि त्या बळावर लढावे, हा त्याचा मार्ग. ‘महाभाष्या’तील सारथी या बाबतीत दोन हजार वर्षे आधीच त्याच्या पुढे गेला होता. लोकांत रूढ असलेला शब्द हेच प्रमाण, हे त्याचे म्हणणे कॉबेटच्या बंडात बसत नाही.

५

कॉबेटनंतर पाचच वर्षांनी, १८४० मध्ये, लंडनमध्ये ‘कॉमिक इंग्लिश ग्रामर’ प्रसिद्ध झाले. लेखक पर्सिव्हल ली हा वैद्यकीचे शिक्षण घेतलेला, चित्रे जॉन लीच याची. दोघेही लवकरच ‘पंच’ साप्ताहिकात गेले. पुस्तक खरोखरच गमतीदार आहे, चित्रे तर उत्तमच. परंतु त्यात हसू कोणाचे होते हे पाहिले म्हणजे कॉबेटपासूनचे अंतर कळते. ‘ह’ गाळून बोलणारा लंडनचा गरीब रहिवासी, ‘व’ची उलटापालट करणारा गाडीवान, उसने शब्द मिरवणारा नवशिका अशी तेथील पात्रे आहेत. सुशिक्षित घरातील मुलाने ते वाचावे, हसावे आणि आपण त्यांच्यासारखे बोलत नाही या समाधानाने पुस्तक मिटावे, अशी ती योजना दिसते. व्याकरणाचा विनोद पुन्हा पैठणच्या जलक्रीडेत जाऊन पोचला. एवढेच की आता लज्जित होणारा राजा नव्हता.

‘मनोरंजक व्याकरण’ या नावाखाली पुढे जे लिहिले गेले त्यातील पुष्कळसे लीच्या वळणाचे आहे, असे आमचे मत आहे. त्याचे कारणही उघड आहे. लीच्या विनोदाने कोणी तुरुंगात जात नाही.

६

आपल्याकडे काय झाले? मराठीच्या आधुनिक व्याकरणाचा पाया घालणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आले. त्याच्या रचनेसमोर आदर्श होता तो लिंडले मरेच्या व्याकरणाचा. दादोबांनी केलेले काम अफाट होते, आणि ‘मराठीचे पाणिनी’ ही पदवी त्यांना सार्थपणे मिळाली. त्या काळी सरकारी शिक्षणव्यवस्थेतून जे इंग्रजी व्याकरण प्रतिष्ठित म्हणून येथे पोचले ते मरेचेच असणार हेही स्वाभाविक आहे. राजाच्या भाषणातील चुका दाखवणारे पुस्तक राजाच्या वसाहतीत आदर्श म्हणून येण्याची शक्यता किती, हे वाचकांनीच ठरवावे. परिणाम असा की मराठी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकाला आरंभापासून गंभीर, सोज्ज्वळ, उपदेशपर उदाहरणांचे वळण लागले. ते आजही फारसे सुटलेले नाही.

याचा अर्थ मराठीत व्याकरणावरून कोणी हसले नाही असा नव्हे. जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून निघू लागली. मराठी गद्याला ज्यांनी अपूर्व सामर्थ्य दिले त्या शास्त्रीबोवांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. ब्राह्मणी वर्चस्वाविषयी फुले जो प्रश्न विचारीत होते, त्यावर वाद घालता आला असता, आणि शास्त्रीबोवांनी तो घातलाही. परंतु ज्याला धड शुद्ध लिहिता येत नाही त्याने ग्रंथ कशाला लिहावा, हा सूर त्या उपहासामागे होताच. इंग्लंडमधील विनंतीअर्जांची आणि या उपहासाची जात एकच आहे. शास्त्रीबोवांचा विनोद उच्च प्रतीचा होता यात वाद नाही. पण तो खाली वाहणारा होता.

घरातील शिक्षणही आपल्याकडे हशाच्या धाकाखालीच झाले. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० चे पुस्तक साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. न्यायमूर्ती रानडे पत्नीला घरी शिकवत होते. दिवसा घरातील वडीलधाऱ्या बायका तिच्या शिकण्याची टिंगल करीत होत्या. शिकणारी व्यक्ती घरात होती, शिक्षक घरात होता, आणि हसणारा वर्गही घरातच होता. कॉबेटच्या घरी मुलांच्या रेघोट्यांना उत्तर मिळत होते. आपल्या घरांतून, विशेषतः स्त्रियांना, अक्षरओळखीबरोबर टोमणेही गिरवावे लागले.

७

हा इतिहास सांगण्यामागे आमचा हेतू केवळ माहिती देण्याचा नाही. मराठीचा विषय घेऊन पदवीला येणारे आमचे पुष्कळ विद्यार्थी घरातील पहिलेच शिकणारे असतात. त्यांच्या ‘न’ आणि ‘ण’वर होणारा विनोद त्यांना बारावीपर्यंत पुरेसा मिळालेला असतो. त्याचे फलित असे की ते वर्गात बोलत नाहीत, आणि लिहितात तेव्हा चूक होणार नाही एवढेच छोटे वाक्य लिहितात. अशा विद्यार्थ्यांपुढे ‘हसतखेळत व्याकरण’ ठेवायचे तर हसण्याची दिशा आधी ठरवली पाहिजे.

त्यासाठी आपल्या भाषेत साहित्याची वाण नाही. प्रयोग हे प्रकरण घ्या. कर्तरी, कर्मणी, भावे यांच्या व्याख्या पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. त्याऐवजी एखाद्या परिपत्रकी वळणाचे वाक्य फळ्यावर लिहावे: ‘सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात यावी.’ आणि विचारावे, कार्यवाही कोणी करायची? विद्यार्थी वाक्यात कर्ता शोधू लागतात. तो सापडत नाही. या रचनेला कोणी नवीन कर्मणी म्हणतात, कोणी कर्मकर्तरी. पण तिचा उपयोग काय हे विद्यार्थ्यांना व्याख्येच्या आधी कळते. मग ‘निधी खर्ची पडला’ हे वाक्य घ्यावे. प्रयोग कर्तरी, कर्ता निधी! निधी आपला आपणच जाऊन खर्चात पडला. ‘पूल कोसळला’ यातही कर्ता पूलच, बांधणारा कोणी वाक्यात नाही. येथपर्यंत आल्यावर वर्ग हसतो, आणि त्या हसण्यात ज्याला कालपर्यंत ‘पानी’वरून हसले गेले होते तोही असतो. समूहवाचक नामांना टोळी, जुडी, कळप, घोळका यांच्या जोडीला समिती आणि मंडळ ही नामे घालून पाहावीत. पुढचे काम विद्यार्थी स्वतः करतात.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. वरच्यांच्या चुकांवर हसायला शिकवले म्हणजे विद्यार्थी स्वतःच्या चुका गंभीरपणे घेणार नाहीत. कॉबेटचे उदाहरण याच्या उलट आहे. राजाच्या भाषणातील सर्वनामाचा निर्देश चुकला आहे हे दाखवायचे तर सर्वनामाचा नियम पक्का यावा लागतो. आमच्या अनुभवातही परिपत्रकातला हरवलेला कर्ता शोधणारा विद्यार्थी पुढच्या निबंधात आपल्या वाक्यातील कर्ता तपासू लागतो, आणि त्याला तसे करायला सांगावे लागत नाही. प्रमाणलेखनाचे नियमही अशाच वाटेने आत येऊ शकतात. मराठीचे लेखननियम १९६२ मध्ये ठरले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. ते माणसांनी, चर्चा करून, विशिष्ट वर्षी केलेले आहेत, हे विद्यार्थ्याला सांगितले की त्या नियमांचा धाक कमी होतो आणि ते पाळणे मात्र अवघड होत नाही.

शेवटी पुन्हा घरी शिकणाऱ्याकडे. घरी शिकणारे मूल असो की नोकरी सांभाळून बहिःस्थ म्हणून एम.ए. करणारी गृहिणी, तिच्यापाशी वर्ग नसतो. तिच्यावर हसणारे कोणी नसते, तसेच तिच्याबरोबर हसणारेही कोणी नसते. ती सोबत पुस्तकालाच द्यावी लागते, आणि म्हणून पुस्तक लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते. कॉबेटने आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रांतून पहाऱ्यावरच्या शिपायाला ती सोबत दिली. मराठीत असे व्याकरण अद्याप लिहिले जायचे आहे. आपल्या वाचकांत व्याकरण शिकवणारे आणि परिपत्रके वाचणारे, दोन्ही प्रकारचे लोक पुष्कळ आहेत. तेव्हा सामग्रीची अडचण पडू नये.